खाऱ्या टाकीतले आगंतुक

समुद्राच्या पाण्याची टाकी घरात ठेवणाऱ्या माणसाला काही आठवड्यांतच एक गोष्ट कळून चुकते: आपण विकत आणलेल्या जिवांपेक्षा न आणलेल्या जिवांची संख्या कितीतरी जास्त आहे. पावतीवर दोन मासे, एक कोळंबी, चार शंख एवढीच नोंद असते. पण रात्री दिवे मालवून तासाभराने लाल उजेडाचा टॉर्च घेऊन काचेजवळ बसलं, की पावतीबाहेरची वस्ती हिंडाफिरायला निघते. तांदळाच्या कणीएवढं काहीतरी वाळूवरून सरपटत जातं, काचेवर पांढरे ठिपके झटके देत फिरतात, दगडाच्या भोकातून दोन मिश्या हलतात. यातले बहुतेक जीव कवचधारी वर्गातले, म्हणजे कोळंबी, चिंबोरी, शेवंड आणि जवळा यांच्या गणगोतातले.

गेली चौदा वर्षं मी ठाण्यातल्या घरात अशी एक टाकी सांभाळतो आहे आणि त्या निमित्ताने इतरांच्या टाक्यांची गाऱ्हाणी ऐकतो आहे. त्यातली निम्मी तरी या आगंतुकांबद्दल असतात. विचारणाऱ्याला घाई असते आणि प्रश्न ठरलेला असतो: ‘यांना मारायचं कसं?’ या लेखात त्याचं उत्तर आहेच. पण माझा अनुभव असा, की त्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. हा जीव नेमका कोण आहे? आणि तो एकटा आहे, की त्याने संसार थाटला आहे?

दगडाबरोबर आलेलं गाव

घरात समुद्र ठेवण्याचा नाद जुना आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं. त्या पुस्तकाने इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या पोहोचवल्या. योगायोग असा, की त्याच १८५४ मध्ये चार्ल्स डार्विन यांनी बार्नकल या कवचधारी प्राण्यांवरचं आपलं आठ वर्षांचं काम पुरं केलं. खडकाला आणि जहाजाच्या बुडाला चिकटून बसणारा बार्नकल शिंपल्यांचा भाऊबंद समजला जाई. त्याचं पिल्लू पाण्यात पोहतं आणि ते कोळंबीच्या कुळातलं दिसतं, हे १८३० च्या सुमारास जॉन व्हॉन थॉम्प्सन यांनी दाखवून दिलं होतं. कवचधाऱ्यांची ओळख पटवायची तर नुसता मोठा प्राणी पाहून भागत नाही, त्याचं बालपणही पाहावं लागतं. टाकीतल्या आगंतुकांबद्दलची सर्वांत उपयोगी गोष्टही नेमकी हीच आहे. तिच्याकडे पुढे येतो.

मुंबईकरांनी काचेआडचा समुद्र पाहिला तो मुख्यतः मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात, म्हणजे १९५१ नंतर. तो सरकारी समुद्र होता. घरच्या छोट्या समुद्राचं गणित सुटलं ते दहा वर्षांनी, जाकार्तात. ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ मध्ये आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली: समुद्रातून काढलेला जिवंत खडक टाकीत ठेवायचा, हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि बाकीचं काम निसर्गावर सोपवायचं. खडकाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू माशांच्या मलमूत्रातल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी ही रीत पक्की केली आणि ती जगभर गेली.

पण खडक घरी आणणं म्हणजे गाव घरी आणणं. जिवाणूंबरोबर शेवाळ येतं, किडे येतात, आणि कवचधारी तर हटकून येतात. आपल्याकडे खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून प्रवाळखडक उचलून आणणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. म्हणून माझ्या टाकीतला खडक सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून घरी थापलेला आहे. तरीही आगंतुक यायचे थांबत नाहीत. शेवाळाच्या एखाद्या गुंत्यातून, शंखाच्या पाठीवरून, शंखात राहणाऱ्या खेकड्याच्या उसन्या घरातून ते येतातच.

एकटा की संसारी?

आता त्या बालपणाकडे येऊ. कवचधाऱ्यांत पिल्लं वाढवण्याच्या दोन रीती टाकीवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली रीत खेकड्यांची आणि बहुतेक कोळंब्यांची. मादी अंडी पोटाखाली वागवते, पण अंड्यांतून बाहेर पडणारं पिल्लू आईसारखं मुळीच दिसत नाही. ते तरंगणारं, जवळजवळ पारदर्शक असं पोर असतं. ते उघड्या समुद्रात कित्येक दिवस वाहत जातं, पुन्हापुन्हा कात टाकतं आणि मग तळाशी उतरतं. घरच्या टाकीत उघडा समुद्र नसतो. तिथे पंप असतो, गाळणी असते आणि भुकेले मासे असतात. त्यामुळे अशी पिल्लं टाकीत सहसा वाचत नाहीत. टाकीत आलेला खेकडा, पिस्तूल कोळंबी किंवा मँटिस कोळंबी बहुधा एकटीच राहते. तो एक जीव काढला की प्रश्न संपतो.

दुसरी रीत आयसोपॉड आणि अँफिपॉड या चिमुकल्यांची. यांच्या मादीच्या छातीखाली एक पिशवी असते. अंडी तिथेच उबतात आणि पिल्लं बाहेर पडतात ती आईचीच छोटी प्रतिकृती होऊन. वाहून जायची भानगड नाही, तरंगत्या बालपणाची जोखीम नाही. एका पोटुशी मादीवर अख्खं गाव वसू शकतं. तळाशी राहणाऱ्या अनेक कोपेपॉडांचंही तसंच. त्यांची पिल्लं वेगळी दिसली तरी तीही आईबरोबर तळाशीच वाढतात. इथे एक पकडून काही होत नाही. इथे झगडा लोकसंख्येशी असतो.

हा भेद कळला की अर्धं काम झालं. एकट्याला सापळा लावावा, संसाऱ्याचा दाणापाणी तोडावा किंवा त्याच्यामागे शिकारी सोडावा. लोक नेमकं उलटं करतात: एका खेकड्यासाठी सगळ्या टाकीत औषध ओततात आणि हजारो आयसोपॉडांच्या मागे चिमटा घेऊन बसतात.

एकटे दांडगे

टाकीतून रात्री ‘टक्’ असा आवाज येऊ लागला तर संशयित दोन: पिस्तूल कोळंबी आणि मँटिस कोळंबी.

पिस्तूल कोळंबीचा एक पंजा दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. तो ती इतक्या वेगाने मिटते, की पाण्याची एक धार सुटते आणि तिच्यात पोकळ बुडबुडा तयार होतो. आवाज पंजा आपटल्याचा नसून तो बुडबुडा कोसळल्याचा असतो, हे २००० साली अतिवेगवान चित्रणातून सिद्ध झालं. कोसळताना बुडबुड्याच्या आतलं तापमान क्षणभर पाच हजार केल्व्हिनच्या घरात जातं आणि डोळ्यांना न दिसणारी प्रकाशाची ठिणगी उडते. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्यांच्या कानांत जी चरचर यायची, तिच्यामागेही हीच मंडळी होती. एवढा दारूगोळा असूनही टाकीतल्या माशांना तिचा त्रास सहसा कमीच होतो. काही जातींच्या कोळंब्या तर गोबी माशाबरोबर एकाच बिळात राहतात. कोळंबी बीळ खणते, तिला फारसं दिसत नाही म्हणून मासा दारात पहारा देतो. आवाज आला म्हणून मारायला धावू नये, ते यासाठी.

मँटिस कोळंबीची गोष्ट वेगळी. ही खरी कोळंबी नव्हेच, तिची शाखा फार पूर्वी वेगळी झाली. आपल्या ट्रॉलरांच्या जाळ्यात तिच्या कुळातला स्क्विला ढिगाने येतो आणि बऱ्याचदा फेकून दिला जातो. काही जातींच्या पुढच्या पायांना भाल्यासारखे काटे असतात, काहींना हातोडा. हातोडेवाल्या मोरपंखी मँटिसच्या फटक्याचा वेग शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोजला. तो सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर गेला, आणि तोही पाण्यात. अशा टाकीत शंख फुटलेले सापडतात, खेकड्यांचे पाय इतस्ततः पडलेले दिसतात, आणि सकाळी एखादा मासा कमी भरतो.

खेकड्यांत पंजा पाहावा. पंजाची टोकं चमच्यासारखी बोथट असतील, तर तो बहुधा शेवाळ खरवडून खाणारा. टोकं अणकुचीदार, अंग केसाळ आणि पंजे काळसर असतील तर नजर ठेवावी. आणि कितीही चिंबोरीप्रेमी असलात तरी असला खेकडा रश्शात टाकू नये. या कुळातल्या काही जातींच्या मांसात जीवघेणं विष असतं आणि ते शिजवून जात नाही.

काढायचं कसं? प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवावा, म्हणजे आत जायला नरसाळं आणि बाहेर यायला पंचाईत. आत कोळंबीचा तुकडा ठेवून संध्याकाळी ती बीळाजवळ टेकवावी. कोकणात ओढ्यावर बांबूची खोईन लावणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. आठवडाभरात जमलं नाही, तर ज्या दगडात बीळ आहे तोच बाहेर काढून बादलीवर धरावा आणि भोकात जास्त खारट पाण्याची पिचकारी मारावी. आतला जीव बादलीत उडी घेतो. मँटिसला उघड्या हाताने धरू नये. तिने फोडलेली बोटं वर्षानुवर्षं लक्षात राहतात.

संसाऱ्यांची झुंड

अँफिपॉड म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत टुणटुण उडणाऱ्या किड्यांची पाण्यातली भावंडं. टाकीत ते शेकड्यांनी दिसले की माणूस हादरतो. पण ते उष्टं-खरकटं खाणारे सफाई कामगार आहेत. त्यांची संख्या वाढली याचा अर्थ टाकीत अन्न जास्त पडतं आहे, एवढाच. तीच गोष्ट बहुतेक कोपेपॉडांची. मँडरिन नावाचा देखणा मासा जवळजवळ त्यांच्यावरच जगतो. कोपेपॉड नाहीत त्या टाकीत तो हळूहळू उपाशी मरतो. ‘पांढरे किडे झालेत’ म्हणून फोन आला, की मी पहिल्यांदा अभिनंदन करतो.

अपवाद आहे तो सिरोलॅनिड आयसोपॉडांचा. खोल समुद्रातला वीतभराहून मोठा होणारा बॅथिनोमस याच कुळातला. टाकीतले मात्र सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान. निरुपद्रवी आयसोपॉड हळू सरपटतात आणि त्यांचे डोळे लहान असतात. सिरोलॅनिडचे डोळे मोठे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना, शेपूट पंख्यासारखी, आणि पोहणं बाण सुटावा तसं. ते रात्री झोपलेल्या माशाला चिकटतात, रक्त पितात आणि पोट भरलं की वाळूत जाऊन पडतात. एकदा जेवले की त्यांना बरेच दिवस काही लागत नाही.

ठाण्यातल्याच एका मित्राच्या टाकीत हे निघाले. त्याच्याकडे विदूषक माशांची आठ वर्षांची जोडी होती. दोघं महिन्याला दोनदा दगडावर नारिंगी अंडी घालत. मादीच्या कल्ल्याजवळ डाळीएवढा फुगवटा दिसला तेव्हा त्याला गाठ वाटली. दुसऱ्या दिवशी ती गाठ नव्हती आणि तिसऱ्या रात्री अशा दोन होत्या. सापळ्यात रोज पाचसहा सापडत, पण सापळा रिकामा असा दिवस काही येईना. पोटुशी मादी पिशवी घेऊन हिंडते म्हटल्यावर तो येणारही नव्हता. शेवटी उपाय उरला एकच: मासे बाहेर आणि टाकी उपाशी.

माशांना आधी गोड्या पाण्यात काही मिनिटं बुडवलं. पाण्याचं तापमान आणि आम्ल-अल्कतेचा अंक टाकीइतकाच ठेवला. यामागचं कारण साधं आहे. समुद्री माशाचं रक्त समुद्रापेक्षा बरंच कमी खारट असतं, त्यामुळे थोडा वेळ तो हा फरक सोसतो. आयसोपॉडाच्या अंगातला खारटपणा जवळपास समुद्राएवढाच असतो. गोडं पाणी त्याच्या अंगात घुसतं आणि पकड सुटते. तीन आयसोपॉड तळाला पडलेले मी मोजले. मग दोन्ही मासे वाळू नाही, दगड नाही अशा प्लास्टिकच्या टबात गेले आणि टाकी चार महिने माशांवाचून ठेवली.

मादी टबात नवव्या दिवशी गेली. रक्त फार गेलं होतं. नर वाचला. पाचव्या महिन्यात तो टाकीत परतला तेव्हा सापळे तीन आठवडे रिकामे येत होते. विदूषक माशांत मादी गेली की जोडीतला नरच पुढे मादी होतो. आज तो, म्हणजे ती, त्याच दगडाजवळ राहते. मित्राने दुसरा मासा अजून आणलेला नाही.

औषधाचा हिशेब

‘एखादं औषध नाही का?’ हा प्रश्न इथे येणारच. आहे, पण त्याचा हिशेब समजून घ्यायला हवा.

तांब्याचे क्षार हे माशांच्या परजीवींवरचं जुनं औषध. कवचधाऱ्यांना ते मारतं, यात शंका नाही. गंमत म्हणजे खेकड्या-कोळंब्यांचं रक्त प्राणवायू वाहून नेतं ते तांब्याच्याच आधाराने, म्हणून ते निळसर असतं. पण पाण्यात विरघळलेलं जादा तांबं त्यांच्या कल्ल्यांना सोसत नाही. ते शंख आणि प्रवाळांनाही सोसत नाही. शिवाय चुनखडीचा खडक तांबं शोषून घेतो आणि पुढे हळूहळू सोडत राहतो. म्हणून खडकाच्या टाकीत तांबं कधीही घालू नये. ते फक्त माशांच्या वेगळ्या टबात.

दुसरं उदाहरण माझ्या न्यू जर्सीतल्या भाच्याचं. तिथे शेतीत वाढवलेली प्रवाळं विकत मिळतात. त्याच्या अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचा रंग उतरला आणि फांद्यांवर अर्ध्या मिलिमीटरचे पिवळे-लालसर ठिपके फिरताना दिसले. तो टेगास्टिस वंशाचा कोपेपॉड. हौशी लोक त्याला नुसतं लाल किडे म्हणतात. त्यावर वापरतात ते मिल्बेमायसिन, म्हणजे मुळात कुत्र्यांना हृदयातल्या जंतांवर देतात ती गोळी. हे औषध किडे, जंत आणि कवचधारी यांच्या मज्जातंतूंमधल्या क्लोराइडच्या काही दारांना उघडं पाडतं आणि त्यांना लुळं करतं. ही विशिष्ट दारं माशांत, कुत्र्यांत, माणसांत नसतात. याच घराण्यातल्या आयव्हरमेक्टिनसाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं.

पण औषधाला लाल किडा आणि मँडरिनचं जेवण यांतला फरक कळत नाही. जिथे लाल किडे मरतात तिथे पाळलेली कोळंबी, खेकडे आणि सगळे कामकरी कोपेपॉडही मरतात. शिवाय अंड्यांवर भरवसा नाही, म्हणून मात्रा पुन्हापुन्हा द्यावी लागते. भाच्याला मी सुचवलं ते एवढंच, की प्रवाळाच्या फांद्या बाहेर काढून वेगळ्या भांड्यात औषधाचं स्नान घालावं आणि ते पाणी कोळशातून गाळल्याशिवाय मोरीत ओतू नये.

हाच पेच मोठ्या प्रमाणावर पाहायचा तर नॉर्वेच्या सामन मत्स्यशेतीकडे पाहावं. तिथली सामन-ऊ हाही कोपेपॉडच. तिच्यावर आधी याच घराण्यातलं इमामेक्टिन आलं, पुढे उवा त्याला दाद देईनाशा झाल्या. मग गोड्या पाण्याची स्नानं, कोमट पाण्याची स्नानं, आणि उवा वेचून खाणारे रास मासे पिंजऱ्यांत सोडणं. घरच्या टाकीत आपण हेच करतो, सहा पट्ट्यांचा छोटा रास मासा सोडतो. उद्योगाला पैसा कमी नाही, तरी एका औषधाने सुटका त्यालाही झालेली नाही.

पहारेकऱ्याला चोर समजताना

नकोसा कोण, हे ठरवण्याची घाई किती महागात पडू शकते याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण ट्रॅपेझिया खेकड्याचं आहे. हा नखाएवढा खेकडा पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत जोडीने राहतो आणि प्रवाळाचा चिकट स्राव खातो. पाहणाऱ्याला तो बांडगूळच वाटेल. पण पीटर ग्लिन यांनी पनामाच्या किनाऱ्यावर केलेला आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा जवळ आला की हेच खेकडे त्याला चिमटे काढून हुसकून लावतात. पुढे २००६ मध्ये मूरेआ बेटावरच्या प्रयोगात हे खेकडे मुद्दाम काढून पाहिले. गाळ साचणाऱ्या ठिकाणी खेकड्यांवाचूनची प्रवाळं मोठ्या संख्येने मेली, कारण अंगावरचा गाळ झाडायला कुणी उरलं नाही. जो उपटायचा, तोच घर राखत होता.

म्हणून माझा नियम असा: पुरावा नसताना कुणाला काढायचं नाही. मेलेल्या माशाला खाताना दिसणं म्हणजे त्याने मारल्याचा पुरावा नव्हे. वाळूवरचं रिकामं कवच हाही पुरावा नव्हे, ती बहुधा कोळंबीने टाकलेली कात असते. चार रात्री पाहावं, वहीत लिहावं, मग ठरवावं.

आणि काढलाच, तर त्याचं काय करायचं? बरेच जण दयेपोटी खाडीत सोडून येतात. ते मात्र कधीही करू नये. १९९५ च्या सुमारास जर्मनीतल्या हौशी लोकांच्या टाक्यांत गोड्या पाण्याचा एक संगमरवरी झिंगा आढळला. त्याच्यात सगळ्या माद्याच, आणि नराशिवाय पिल्लं होतात. टाक्यांतून तो बाहेर पडला आणि आज युरोपच्या तळ्यांपासून मादागास्करच्या भातखाचरांपर्यंत पसरला आहे. एका टाकीतला एक जीव एवढं करू शकतो. काढलेल्या आगंतुकाला खालच्या गाळणीच्या टाकीत किंवा वेगळ्या बरणीत जागा द्यावी. मँटिस तर हौसेने पाळणारे लोक आहेत, मागणारा सापडतो. मारायचीच वेळ आली तर हाल करू नयेत. खेकडे, कोळंब्या यांना वेदना जाणवतात हे ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात मान्य केलं आहे. उकळतं पाणी ओतण्यापेक्षा बर्फाळ खाऱ्या पाण्यात बधिर करणं बरं.

टाकी नवी असताना मला तिच्यात फक्त मासे दिसत. आता पाहुणे आले की मी त्यांनाच आधी पाहतो. अँफिपॉड वाढले तर खाणं जास्त पडतं आहे. कोपेपॉड घटले तर मँडरिन उपाशी राहणार आहे. काचेवरचे पांढरे ठिपके एकाएकी नाहीसे झाले तर पाण्यात काहीतरी बिघडलं आहे, आणि ते माशांना उद्या कळणार आहे. ही सगळी माहिती मला फुकट देतात ते पावतीवर नसलेले जीवच. त्यांतल्या एखाद्याला बाहेर काढावं लागतंच, घर म्हटलं की ते आलं. पण काढण्याआधी त्याचं नाव आणि त्याचा उद्योग माहीत करून घ्यायला चार रात्री लागतात, आणि तेवढा वेळ आपल्याकडे जवळजवळ नेहमीच असतो.